काठीचं घर

गेल्या ऑक्टोबरात पॅयान्ने सरोवरानं आमची एक काठी नेली.
काठी, रीळ, दोनशे मीटर दोरा,
आणि ती जिच्यात उभी होती ती प्लास्टिकची नळीसुद्धा,
चारही स्क्रूंसकट.
खळ्ळ झालं, बस्स.
इल्मो डावीकडे बघत होता, मी थर्मासचं झाकण फिरवत होते,
बोट आपली माणसाच्या चालीनं
गळ ओढत पुढे गेली.
तिथं पाणी ऐंशी मीटर खोल.

"तूच आणलीस ती स्वस्तातली," भाऊ म्हणाला.
एवढंच. मग हिवाळाभर
ते वाक्य आमच्याकडे राहायला आलं,
सौनाच्या बाकावर दोघांच्या मध्ये बसलं,
बर्फ उपसायला निघालो की आमच्याआधी बूट चढवू लागलं.

मे महिन्यात बर्फ फुटलं तशी मी कौकोच्या दुकानात गेले.
भिंतीवर ओळीनं घरं. काठीची घरं.
काळी, चकचकीत, दातेरी चाकाची, कठड्याला चावणारी.
कौको रंग सांगतो, वजन सांगतो, पाच वर्षांची हमी सांगतो.
मी म्हटलं, हमीचा कागद तरंगतो रे,
बुडते ती काठी.
मला ओढून बघू दे.

काउंटरवरच्या शिकंज्यात एकेक घर आवळलं,
झाडूचा दांडा खोचला, पाय रोवले.
माशासारखं नाही ओढलं.
तळाचा खडक ओढतो तसं ओढलं,
त्याला जिंकायचं नसतं, तो नुसता सोडत नाही.

पहिलं वाकलं.
दुसऱ्याचे दात घसरले, आणि दांडा
जेवून सुस्तावलेल्या पाहुण्यासारखा हळूहळू आडवा झाला.
तिसरं मोडलं, त्याचे पैसे भरले.
चौथं ॲल्युमिनियमचं, जाड, कुरूप,
कितीही ओढा, हूं नाही की चूं नाही.
"आता काढ," कौको म्हणाला.
काढता येईना.
"मासा लागल्यावर काय बोटीसकट उचलणार आहेस, राईली?"

खरं होतं त्याचं.
ओढणाऱ्याला सोडायचं नाही,
उचलणाऱ्याला अडवायचं नाही,
एवढी अक्कल वीतभर नळीला हवी.
माणसांत तरी कितीजणांना असते.

पाचव्यात होती.
मागे ओढा, दगड. वर उचलून अर्धा पीळ द्या, लोणी.
गळ्याशी एक कडं,
हातमोज्यातल्या गारठल्या बोटांनाही सापडेल असं.
चार घेतली. महिनाभर कॉफी कमी प्यायची ठरवली,
ते काही जमलं नाही.

रात्री बोटघरात जुनी भोकं साफ करायला बसले.
पेचकसाचं टोक टेकवलं
तर काठाचं लाकूड भिजल्या पावासारखं आत गेलं.
आणि भोकात काय?
आगकाड्या.
प्रत्येकात दोन-दोन, गुल छाटून, सरस लावून ठोकलेल्या.
आटे गेलेल्या भोकात काड्या भरायची युक्ती
आमच्या घरात एकाच माणसाला येते.

म्हणजे सैल झालंय, त्याला ठाऊक होतं.
कधीपासून?
मी पेचकस खाली ठेवला. परत उचलला.

कुजकं कापून काढलं, ओकची फळी बसवली,
खालून पोलादी पट्टी, आणि स्क्रू नव्हे,
आरपार बोल्ट.
तिसऱ्या नटाला इल्मो दारात आला.
नवं घर दोन्ही हातांनी हलवून पाहिलं.
मग जमिनीवरचा भुसा पाहिला, बराच वेळ.
"पट्टी जाड घेतलीस," म्हणाला.
"हो," मी म्हटलं.
त्यानं चौथा नट आवळला.

जूनमध्ये उजवी काठी वाकली, रीळ किंचाळलं.
इल्मोनं आधी माशाकडे नाही,
बोल्टांकडे पाहिलं.
मग मूठ धरली, वर, अर्धा पीळ,
आणि काठी त्याच्या हातात आली,
जशी यायला हवी तशी.
मी जाळं घ्यायला वाकले.
कोटाच्या खिशात आठ काड्या आहेत,
अजून काढलेल्या नाहीत.