दोन सूत

भोसरीत, लांडेवाडीच्या आतल्या गल्लीत माझं दुकान.
शुक्रवारी अष्टपुत्र्यांची लाल गाडी आली,
दोन दारांची, पोट जमिनीला टेकलेली.
टायर पाहिले: बाहेरची कड कुरतडलेली,
आतली कड नवीकोरी, टायरवरचे रबरी केससुद्धा शाबूत.
"ट्रॅकवर वळणात नाक बाहेर निसटतं," म्हणाले,
"आणि रविवारी परत जायचंय."

मशीन आहे माझ्याकडे, हप्ते अजून चालू आहेत.
पण असल्या गाडीला मी दोरी बांधते.
चार स्टँड, दोन्ही अंगांनी दोन दोऱ्या,
आणि आबांचा पितळी ओळंबा.

आबांनी ह्या ओळंब्यावर अर्धं सहकारनगर उभं केलं.
डोळा चुकतो, हात चुकतो, म्हणायचे,
ह्याला चुकता येत नाही,
ह्याला नुसतं लोंबकळता येतं.

आणि मी त्याच ओळंब्यावर चाकं तिरकी करते.
माथा आत, पाय बाहेर, सव्वादोन अंश.
पुढची दोन्ही चाकं केसभर फेंगडी, मागची केसभर जवळ.
आबा स्टुलावरून बघत होते.
"असली भिंत बांधली असती
तर मालकानं मजुरी दिली नसती."

आबा, भिंतीला वळायचं नसतं.
वळणात अख्खी गाडी बाहेरच्या चाकावर रेलते
तेव्हा कुठे हे चाक नीट उभं राहतं.
बाकी वेळ वाकडं दिसतं,
तर दिसू दे.

ते तंबाखू मळत राहिले.

चालवणाराचं वजनही आत लागतं.
अष्टपुत्रे सत्त्याहत्तर किलो. आबा एकसष्ट.
तौफिकनं त्यांना सीटमध्ये उतरवलं, धोतर सावरत,
मांडीवर सोळा किलोची जुनी बॅटरी ठेवली.
"हलू नका, आबा."
दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून
आबा समोरच्या शटरकडे बघत बसले,
जणू शटर उघडलं की निघायचंच आहे.

आकडे जुळेनात.
डावं अडीच, उजवं दोन.
खालचे बोल्ट सोडले, आवळले, पुन्हा तेच.
गाडी उलटी फिरवून लावली
तर डाव्याचं उजव्याला गेलं.
साडेनऊ वाजले. समोरचा चहावाला बाकडं आत घ्यायला लागला.
तौफिक मशीनला शिव्या देत होता
आणि मशीन तर बंदच होतं.

"नळी आण," आबा आतून म्हणाले.
पारदर्शक, वीस फुटी, पाणी भरलेली.
बॅटरी उतरवली, आबांना उतरवलं.
बुडबुडा टिचकीनं बाहेर काढला,
एक टोक तौफिककडे, एक त्यांच्या हातात,
पाणी थरथरत होतं, हात थरथरतो म्हणून,
मग त्यांनी कोपर भिंतीला टेकवलं
आणि पाणी थांबलं.

"ह्या अंगाला तुझी फरशी दोन सूत खाली आहे."
मग जरा थांबून,
"कुणी घातली ही?"

नऊ वर्षांपूर्वी, आबा.
हात थरथरायला लागले त्या उन्हाळ्यात.
शेवटचं काम.
एकट्यानं घातलीत, कुणाला जवळ येऊ दिलं नाहीत.

हे मी बोलले नाही.
"होता एक गवंडी," म्हटलं.
आबांनी मान हलवली.
विसरले होते की नाही, मला अजून ठरवता येत नाही.

पत्र्याचे तुकडे कापले,
त्या अंगाच्या दोन्ही चाकांखाली सरकवले.
आबा पुन्हा आत, बॅटरी पुन्हा मांडीवर.
डावं सव्वादोन. उजवं सव्वादोन.

रविवारी दुपारी ट्रॅकवरून फोन, मागे इंजिनांचा गलका.
थंडीला सव्वीस भरली होती, तापून बत्तीस झाली.
टायर बाहेर ब्याऐंशी, मधे पंच्याऐंशी, आत अठ्ठ्याऐंशी.
"सुतासारखी जाते हो!" अष्टपुत्रे ओरडत होते.

सोमवारी तौफिक म्हणाला, ताई, ही फरशी उखडू,
नवी घालू, दोन दिवसांचं काम.
मी पिवळ्या रंगाचा डबा घेतला,
पत्रे ठेवायच्या दोन्ही जागा जमिनीवर आखल्या,
आणि त्याला सांगितलं,
रंग वाळेपर्यंत
पाय देऊ नकोस.