आपटायला दार

आमच्या घराला भिंती नव्हत्या तेव्हा.
नीरफणसाच्या लाकडाचे चोवीस खांब,
वर उसाच्या पाल्याचं छप्पर,
मधून समुद्रावरचं वारं.
कोण कुणावर रुसलंय, कुणाच्या पानात मासा जास्त गेला,
सवाईई बेटावरच्या त्या गावात
रस्त्याने जाणाऱ्यालाही दिसायचं,
आणि तो वाकून, माफी मागत, पुढे जायचा.

प्रत्येक खांब कुणाचा तरी होता.
समोरचा आजोबांचा, कारण ते कुळाचे मताई.
ऑकलंडहून तुईफाओकाकाने टीव्ही पाठवला
तेव्हा प्रश्न आला: याला कुठल्या खांबाशी बसवायचं?
दोन रात्री चर्चा चालली.
शेवटी आजोबाच जरा सरकले.
जराच.
आम्ही त्यांच्याकडे तोंड करून बसायचो पूर्वीसारखे,
पाहायचो मात्र वीतभर बाजूला.

प्रार्थनेचा शंख सहाला वाजे. मालिकाही सहाला.
महिनाभरात शंख पावणेसहाला वाजू लागला.
देवाने हरकत घेतली नाही,
आणि पाद्रीबाई तर पहिल्या रांगेत.

मालिका इंग्रजी, आणि इंग्रजी येई एकट्या मासेलेआत्याला.
पागोपागोच्या कारखान्यात चार वर्षं
माशांचे डबे भरून आली होती ती.
नारळ खवता खवता सांगायची:
"ती म्हणतेय, आईला विचारून येते."
"तो म्हणतोय, आधी जेवून घ्या."
पडद्यावर ओठ केवढे हलायचे, आत्याचे शब्द केवढेसे,
पण कुणी विचारलं नाही.

त्यात एक बाई होती, पिवळ्या केसांची.
दर गुरुवारी दार आपटून जायची.
धाड्.
एवढ्याचं भाषांतर आत्याला करावं लागलं नाही.

शुक्रवारी गावात वीज नसे.
शुक्रवारचा भाग आत्या कंदिलापाशी बसून सांगायची,
न पाहता.

पोरी बोलता बोलता मान झटकून निघून जाऊ लागल्या.
तेलाने चप्प केस, झटकले जायचे नाहीत.
आणि एका संध्याकाळी माझ्या चुलतबहिणीचं, इआनेताचं,
बापाशी वाजलं, एका बसड्रायव्हरवरून.
ती ताडकन उठली. चौफेर पाहिलं.
चोवीस खांब, चोवीस वाटा,
जायला सगळीकडून मोकळं,
आपटायला काहीच नाही.
तिने झावळ्यांचा पडदा सोडला.
तो सळसळत, सावकाश खाली आला,
आणि अर्ध्यावर अडकला.
आधी एक कोंबडी ओरडली. मग गाव हसलं. मग बापही.

असं हसू माणूस विसरत नाही.

पुढच्या वर्षी काकाच्या पैशांतून
मागच्या अंगाला प्लायवूडची खोली उठली.
एक दार. पितळी कडी.
सिमेंट वाळायच्या आत इआनेताने भांडण शोधून काढलं.
धाड्.
कुत्री गप्प झाली.
रस्त्यावरचा माणूस थबकला;
आता वाकायचं कुणासमोर, त्याला कळेना.
ती बोटीत बसून गेली आपियाला.

सहाव्या दिवशी पहाटे
काकू चुलीला जाळ घालायला उठली, तर अंगणात
डोक्यावर बारीक विणीची चटई पांघरून
कुणीतरी मान खाली घालून बसलेलं.
आमच्याकडे खुनाची माफी मागायला बसतात तसं.
बाप किती वेळ नुसता उभा.
मग त्याने चटई उचलली.
"कुणाचा जीव घेतलास गं?"
इआनेता म्हणाली, "मालिकेतली ती बाई नाही का,
शुक्रवारी अशीच तर येऊन बसते."

मी आता मांगेरेला राहते. सहा खोल्या, सात दारं.
इथल्या एका दुकानात त्या मालिकेच्या जुन्या टेपा मिळाल्या.
शुक्रवारचा भाग लावला.
बाई टॅक्सीत बसते, ओठ रंगवते,
काचेत पाहून हसते.
चटई नाही. अंगण नाही.
दोनदा टेप मागे नेली.

रात्री आत्याला फोन केला.
ती बराच वेळ खोकली.
"अगं, वीज नव्हती ना," म्हणाली,
"मग कुणीतरी तिला घरी आणायला नको?"