रेलिक्ट

कंब्रियातल्या एका दरीत, चर्चमागच्या उतारावर
ॲम्ब्रोज टायसन गुडघे टेकून बसलाय.
प्रार्थना नव्हे,
छिन्नी धरायला तसंच बसावं लागतं.
समोर हिरवट पाटीचा दगड, दगडफुलाने खाल्लेली अक्षरं:
टॉमसिन ब्रेथवेट,
विल्फ्रिड यांची रेलिक्ट.

मिस पेनिंग्टन छत्री टेकून उभ्या. कमिटीच्या वतीने.
‘कोणाला कळतो आता हा शब्द?
सरळ पत्नी घाला.
इंग्रजीत दोन अक्षरं कमी, पैसेही तेवढे वाचतील.’

ॲम्ब्रोजच्या बापाचा शब्दकोश पुठ्ठ्यावाचून शेडमध्ये आहे.
त्यात लिहिलंय: लॅटिनमधून.
मागे सोडलेलं, मागे उरलेलं.
पुढे विधवा.
वकिलांनी कागदावर चढवला, पाथरवटांनी दगडावर.
कपाट हलवल्यावर भिंतीवर राहतो
न विटलेला चौकोन,
तशी बाई.

आपला ‘रिक्त’ याचाच लांबचा भाऊबंद.
फार जुन्या एका घरात वाटणी झाली,
वाटणीला आलं फक्त सोडून जाणं.
याने घेतलं, गेल्यावर जे उरतं ते.
त्याने घेतलं, गेल्यावर जे उरत नाही ते.
पुन्हा भेट नाही.

टॉमसिन चौतीस वर्षं उरली.
एवढ्या काळात छप्पर दोनदा शाकारलं,
केस्विकच्या बाजारातून एक मेंढा आणला, तो लंगडा निघाला,
बांधाच्या भिंतीवरून शेजाऱ्याशी दोन दावे,
एक जिंकली.
सगळं विल्फ्रिड यांची म्हणून.

ॲम्ब्रोजची मर्ल गेल्या नोव्हेंबरात गेली.
सकाळी अजून हात दोन मग खाली काढतो,
एक परत ठेवतो.
पुरुषाच्या दगडावर हा शब्द
चाळीस वर्षांत त्याने एकदाही कोरलेला नाही.
पुरुष काय उरत नाहीत?

खालच्या तळ्यात एक मासा आहे. चार म्हणतात त्याला,
आकडा नव्हे, नावच तसं.
बर्फाचं युग ओसरलं, हिमनद्या निघून गेल्या,
हा तळाच्या गार अंधारात राहिला,
पोटाखाली लाल.
शास्त्रज्ञ त्यालाही हाच शब्द लावतात:
रेलिक्ट.
कोणाचा, असं मात्र
कोणी विचारत नाही.

‘मग, काय ठरलं?’ मिस पेनिंग्टन घड्याळ बघतात.
‘आहे तेच राहील,’ तो म्हणतो,
आणि त्या एका शब्दात छिन्नी
होती त्याहून थोडी खोल घालतो.
चहात दगडाची भुकटी पडते. तसाच पितो.

दुपारपर्यंत नाव झालं, शब्द झाला.
‘विल्फ्रिड यांची’ तेवढं
उद्यावर ठेवलं.

उद्या पाऊस सांगितलाय.