तक्ता चार, ओळ सतरा

बढतीच्या अर्जात एक चौकट असते:
'संशोधनाचा समाजावरील परिणाम. कमाल शंभर शब्द.'
तिच्यापाशी आले की दरवेळी माझा चहा निवतो.

बाकीच्या भरल्यात. शोधनिबंध एकतीस.
इतरांनी घेतलेले संदर्भ: एकट्या पहिल्याच निबंधाचे दोनशे बारा.
लघुउद्योगातील नवनिर्मिती आणि तिचं अपयश,
नाशिकमधल्या चाळीस उद्योजकांचा अभ्यास.
(शीर्षकात नाशिक आहे म्हणून तो
आधी दोन ठिकाणांहून साभार परत आलेला.)

त्या चाळीस जणांसाठी दोन वर्षं
लुनावरून सातपूर-अंबड केलं,
शनिवार सोडून; शनिवारी कंपन्यांना सुट्टी.
तेलकट पत्र्याच्या शेडमध्ये
कंप्रेसरच्या धापेवर आवाज चढवून मी वाचायची:
'धोका पत्करण्याची तुमची तयारी, एक ते पाचमध्ये सांगा.'
कुणी पाच म्हणे. कुणी मालकाकडे बघे.
रमाकांत निकुंभ म्हणाला,
आधी चहा घ्या मॅडम, धोका त्यातही आहे.

त्यानं एका हाताची कात्री बनवली होती.
द्राक्षाचा घड कापते
आणि पडू देत नाही,
देठ धरून ठेवते, चिमणीनं काडी धरावी तसा.
स्प्रिंग भंगारातल्या स्टेपलरची.
पेटंटचा कागद पेढ्याच्या खोक्यात:
अर्ज केलेला, पुढची फी न भरलेली.
'पुस्तकात माझं नाव येईल?'
म्हटलं, नाही, गोपनीयता असते.
तुम्ही नमुना क्रमांक सतरा.
'बरं झालं. बँकेच्या माणसाला सापडणार नाही.'

दुसऱ्या फेरीला गेले तर शटरला कुलूप,
बोर्ड उतरवलेला,
भिंतीवर अक्षरांची फक्त फिकट जागा.
मी लुना बंदसुद्धा केली नाही.
तक्ता चार, ओळ सतरा: 'बंद.
कारण: भांडवलाचा अभाव, बाजाराचं अज्ञान.'
अशा चौदा 'बंद'वर मी रीडर झाले,
बंगळूरला जाऊन बोलले,
दोन शाली आल्या, एक अजून पिशवीतच आहे.

काल पीएच.डी.च्या मुलाखती होत्या.
पाचवी आली हर्षाली निकुंभ.
बेदरकर सरांनी नेहमीचं विचारलं,
सैद्धांतिक चौकट कोणती?
ती म्हणाली, त्याआधी एक दुरुस्ती सांगू?
हातात माझाच निबंध, कडेला पेन्सिलच्या खुणा.
'सतरा बंद नाही पडला, मॅडम.
भाडं वाढलं म्हणून मागच्या गल्लीत गेला.
चार शटर पलीकडे.
बोर्ड मुद्दामच लावला नाही.'

मग पिशवीतून कात्री काढली. तीच.
'पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये बायका हिला कात्री म्हणत नाहीत.
म्हणतात, निकुंभी दे गं इकडं.
दिंडोरीकडे तिघं बनवतात,
हे कुणाचं आडनाव आहे, त्यातल्या दोघांना माहीत नाही.
पप्पांना एक रुपया येत नाही.
ऐकलं की हसतात,
रात्री जेवताना चिडतात.
मला ह्यावर काम करायचंय.'

बेदरकर सर म्हणाले, पण हे मोजणार कसं?
मीही तेच विचारणार होते.
तोंड उघडलं होतं.

आज चौकट पुन्हा समोर.
कात्री ती टेबलावर विसरून गेली,
की ठेवून गेली, कळत नाही.
जुन्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा काढला, सुतळी कापली.
तुटलेलं टोक खाली पडलं नाही.

मग अर्ज बाजूला सारून
संपादकांना पत्र लिहिलं, वीस वर्षं उशिरा:
तक्ता चार, ओळ सतरा,
'बंद' ऐवजी
'चार शटर पलीकडे' असे वाचावे.

छापतील असं वाटत नाही.
त्यांच्या तक्त्यात एवढा रुंद रकाना नसतो.