नऊ नंबर

सोहारचा कॅम्प, खोली चौदा.
शुक्रवारची रात्र, आठ माणसं, एक टीव्ही.
मालिकेतले जवान बर्फात टेकडी चढत होते
आणि इंगवले हवालदार
(आता गोदामावर रात्रपाळीचे वॉचमन)
खाटेवरून चुका काढत होते :
"एवढ्यानं ओरडतं का कुणी वर जाताना?
दाढी बघ, आत्ता सलूनमधून उठलाय.
रायफल धरलीय का लाटणं?"
आम्ही हसत होतो. दाऊद चहा गाळत होता.

मग एका प्रसंगात काहीच घडेना.
एक पोरगा दगडाआड बसून
नाडी सोडवत होता. बोटं वळेनात,
तेव्हा वाकून त्यानं गाठ दातात धरली.
नाडी त्याची नव्हती.
ज्याची होती, तो हलत नव्हता.

साबणाची जाहिरात लागली.
"काका, इथं काय चुकलं?"
"काही नाही."
कपातली साय बोटानं बाजूला केली.
"नऊचा होता तो. मला आठ लागतो.
दोन मोजे घातले की बसतो."

दहा वाजले. बाहेर भिंती अजून तापलेल्या.
ड्यूटीचे बूट घालून
ते उंबऱ्यात वाकले,
आणि नाडी बांधायला
फार वेळ लावला.
आवाज कुणीतरी आधीच बंद केला होता.