नाईक तलावावर समुद्र

आधी विषय ठरला होता संत्री.
बॅनरसुद्धा छापून आलं होतं.
मग चौथीतली रुचिका हेडाऊ उठून म्हणाली,
सर, समुद्र काहून नाही?

भिंतीवरच्या नकाशावर रिळाचा दोरा धरून
तिनंच मोजला, झिरो माइलपासून:
पूर्वेचा समुद्र बोटभर,
पश्चिमेचा बोटावर एक पेर.
"म्हणजे दोन्ही दूरच ना बाप्पा,"
गेंदलाल सोनकुसरे म्हणाले, आणि बिडी विझवली.

गेंदलाल मारबत बांधतात. तीन पिढ्या
बांबू, तरट, रद्दी, खळ,
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं आगीत.
त्यांना आम्ही देवमासा सांगितला.
डोळे कसे पाहिजे?
बारीक, मी म्हटलं, एवढ्या मोठ्या अंगाला लाजणारे.
आठ दिवस त्यांचा हात सवयीनं डोळे वटारत राहिला,
आठ दिवस ते पुसत राहिले.

पाणी कमी पडत होतं.
पंचफुलाबाई बारापात्रेंनी पेटी उघडली.
माग भंगारात गेला, किलोच्या भावानं,
पण शेवटचा तागा होता: निळा.
रंग चुकला म्हणून व्यापाऱ्यानं परत केलेला,
ना मोराचा, ना आकाशाचा,
डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारा
चाळीस वार निळा.
पोरांनी तो दोन्ही टोकांना धरून हलवला
आणि कुणीच काही बोललं नाही थोडा वेळ.

शनिवारी माइक किंचाळला, नगरसेवक लांबले,
तर्री संपली, पोहे उरले.
भंडाऱ्याकडून आलेले दंडारवाले म्हातारे
नाचता नाचता लाटेत अडकून पडले, हसत उठले.
मोमिनपुऱ्याचे हबीबचाचा, आयुष्यभर वरातीत वाजवलेले,
पहिल्यांदाच खुर्चीवर बसून क्लॅरनेट वाजवत होते;
नवरदेव नव्हता, घाई नव्हती,
म्हणून एक सूर त्यांनी इतका लांबवला
की ढोलाच्या खोळीत निजलेलं बाळ जागं झालं
आणि रडायचं विसरलं.
मूकबधिर शाळेच्या मुली बोटांनी भरती दाखवत होत्या.
आमच्यापैकी एकानंही भरती पाहिली नव्हती.
तरी मागच्या रांगेनं चपला उचलून घेतल्या.

रात्री दिवे उतरवताना
गेंदलाल काडीपेटी घेऊन उभे.
"केव्हा लावाचं?"
थट्टा नव्हती. त्यांना खरंच माहीत नव्हतं
की त्यांनी केलेलं काही उरतं.
"जाळाचा नाही जी," रुचिका म्हणाली.
"मग इडा-पीडा कोण नेईन?"
तिनं विचार केला, नाकातलं शिंकरलं:
"ते मारबत नेईन. हा नुसता राहीन."

सकाळी झाडू घेऊन गेलो तर
ते माझ्या आधीच आलेले.
दवानं शेपटीचा कागद फुगला होता.
मांडीवर खळीचा डबा,
आणि आपलंच काम पहिल्यांदा उजेडात बघणारा माणूस.
"ओला झाला," ते म्हणाले,
"आता समुद्रातला म्हटलं तर होणारच."

पलीकडे पंचफुलाबाई समुद्राची घडी घालत होत्या,
कोपरापासून बोटापर्यंत मोजत.
दोन वार कमी भरला.
कुणी नेला, कळलं नाही.
त्यांनीही फार विचारलं नाही.