किल्ली

मार्चमध्ये चर्चची किल्ली माझ्याकडे असते.
वीतभर लोखंड, पिशवीत बटाट्यांखाली.
सकाळी आठला उघडायचं,
वटवाघळांच्या लेंड्या झाडायच्या,
अंधार पडायच्या आत कुलूप.
देव मानतेस का, असं थ्रेक्सबीत कुणी विचारलं नाही.
मिसेस थर्कल एवढंच म्हणाल्या,
शिडीवर चढता येतं ना?

दाराशी फळ्यावर पाद्र्यांची नावं.
एकेक जण वीस वर्षं पुरलेला, तीस वर्षं पुरलेला,
आणि तेराशे एकोणपन्नासात तिघे,
एकाच उन्हाळ्यात पुरलेले.
तिसऱ्याचं नुसतं 'राल्फ'.
आडनाव विचारायला बहुधा कुणी उरलं नव्हतं.

उत्तरेच्या भिंतीवर एक संत होता,
खांद्यावर बाळ घेऊन नदी ओलांडणारा.
पोरसवदा राजाचा हुकूम आला, चित्रं नकोत.
गावानं निमूट चुना लावला.
संताला की राजाला, सांगता येत नाही;
हात फारच पातळ मारलाय.
साडेतीनशे वर्षांनी पोपडा सुटला
तेव्हा आधी पाणी दिसलं,
पाण्यात एक घोटा, घोट्याशी वळवळता मासा.
बाकीचा संत अजून यायचाय.

मोठ्या घंटेवरचं एक अक्षर उलटं पडलंय.
ओतणाऱ्याला वाचता येत नसावं.

पितळी पाटीवर सात जण, सोमच्या चिखलात राहिलेले.
त्यांतले तीन थर्कल.
चौथा परत आला, म्हातारा होईतो बीट पिकवले,
पण रविवारी घंटा सुरू झाली
की शेताच्या पार टोकाला जाऊन
वाऱ्याकडे पाठ करून उभा राहायचा.
हे मिसेस थर्कलनी सांगितलं, बाक पुसता पुसता.
सासरे होते त्यांचे.

गेल्या नोव्हेंबरात छपराचं शिसं चोरीला गेलं.
आता वर निळी ताडपत्री, खाली तीन बादल्या.
महिन्यातून एकदा प्रार्थना, माणसं सहा,
पाऊस असला तर बादल्या धरून नऊ.

किल्ली सांभाळणाऱ्यांची नावं
कपाटाच्या दाराला आतून लिहिलेली आहेत,
सर्वांत जुनी खिळ्यानं कोरलेली.
तळाशी पेन्सिलीनं माझं. घाणेकर,
पण 'एन'ची तिरपी रेघ उलटीकडून ओढलीय.
मिसेस थर्कलना चष्मा लागतो, त्या लावत नाहीत.

मी खोडरबर शोधला, खिशात होताही.
तेवढ्यात मधली बादली भरल्याचा आवाज आला.